कोणतें चांदूर?

आमच्या गांवाचें नांव सांगितलें कीं ऐकणारा हटकून विचारतो, "कोणतें चांदूर?" अमरावती जिल्ह्यांत चांदूर नांवाचीं तालुक्याचीं गांवें दोन आहेत. एक उत्तरेकडचें, तें चांदूर बाजार. दुसरें बडनेऱ्याहून वर्ध्याकडे जातांना लागणारें आमचें, तें चांदूर रेल्वे. १८६७ सालीं जी. आय्. पी. कंपनीचा लोहमार्ग नागपुरास जाऊन मिळाला, आणि त्या मार्गावर असल्यामुळें आमच्या गांवाला हें आडनांव चिकटलें. या दोन चांदुरांच्या घोटाळ्यामुळें आमचीं पत्रें आणि पुस्तकांचीं पार्सलें कितीदां तरी उत्तरेकडे जाऊन परत आलेलीं आहेत. गेल्या आश्विनांत मात्र या घोटाळ्यानें आम्हांला एक रात्र खोट्या आशेवर जगविलें. त्याचीच ही हकीकत आहे.

त्या दिवशीं पहांटे आम्ही अंथरुणांत उजव्या कुशीवर वळलों मात्र, आणि खोली फिरूं लागली. हें अलंकारानें म्हणत नाहीं. खुंटीवरचा कोट, भिंतीवरचें घड्याळ, आढें, सारें एका दिशेनें धांवत होतें, आणि डोळे मिटले तरी तें धांवणें थांबत नव्हतें. अर्ध्या मिनिटांत ओसरलें. उठून बसलों, तों पुन्हां तोच प्रकार. ओकारी झाली. आमच्या सौभाग्यवती धांवत आल्या. त्यांच्या हातांत संवयीनें लिंबाच्या सरबताचा पेला होता. आम्हीं तो दूर सारला आणि म्हटलें, "पेला नको, आधीं गाडी बोलाव." त्या पेल्याचा आम्हीं इतका धसका कां घेतला होता, तें पुढें येईलच.

अमरावतीस एका रुग्णालयांत आमची तपासणी झाली. बोट नाकाला लावा, मग माझ्या बोटाला लावा. टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवरून खालीं आणा. सरळ रेषेंत चाला. पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाला पुन्हां बिगरींत बसविल्यासारखें तें झालें. मग एम्. आर्. आय्. च्या बोगद्यांत झोंपविलें. तेथील तरुण डॉक्टरांनीं पडद्यावरचीं चित्रें पाहून सांगितलें, "मेंदूला कांहीं झालेलें नाहीं. ही चक्कर कानाची दिसते. गोळ्या लिहून देतों." छापील अहवाल दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं मिळाला. मनुष्यानें स्वतःचा अहवाल स्वतः वाचूं नये हें खरें. पण तीस वर्षें इंग्रजी शिकविणाराच्या हातांत इंग्रजी कागद पडल्यावर तो न वाचतां राहील कसा? शेवटून तिसऱ्या ओळींत लिहिलें होतें कीं, लहान मेंदूची उजवी मागची-खालची धमनी दिसत नाहीं. त्या वाक्यांतला प्रत्येक शब्द आम्हांला कळत होता, आणि म्हणूनच पायांतलें बळ गेलें.

वर नांव आमचें होतें. वयहि बरोबर होतें. पण पत्ता? "चांदूर बाजार." तेवढ्यावरून जो आनंद झाला, तो सांगतांनाहि लाज वाटते. उत्तरेकडच्या चांदुरांत आमच्याच नांवाचा, आमच्याच वयाचा कोणी गृहस्थ असेल, धमनी नाहीं ती त्याला, असें मनानें ठरवूनहि टाकलें! त्या अपरिचित गृहस्थाबद्दल थोडी हळहळ वाटली आणि स्वस्थ झोंप लागली. सकाळीं फोन करून विचारलें, तेव्हां कळलें कीं लिहिणाराची चूक फक्त पत्त्यापुरती होती. चित्र आमचेंच होतें.

आतां दादांविषयीं सांगितलें पाहिजे. आमचे थोरले बंधु २००९ च्या वैशाखांत गेले. वय चौपन्न. सकाळीं शेतावरून आले ते दाराची चौकट धरून उभे राहिले आणि म्हणाले, "घर फिरून राह्यलं रे." ओकारी झाली, मग उचकी लागली. वऱ्हाडांतला वैशाख तो. ऊन लागलें, पित्त खवळलें, असें निदान आम्हींच केलें, आणि लिंबू-साखरहि आम्हींच करून पाजली. पहिल्याच घोटाला त्यांना ठसका लागला. आवाज घोगरा झाला होता. तो ओकारीनें बसला असें आम्ही म्हणालों. उभें राहवत नव्हतें. तें अशक्तपणामुळें असें म्हणालों. प्रत्येक लक्षणाला आमच्याजवळ तयार उत्तर होतें. शिकलेल्या माणसाजवळ तें असतेंच. दिवस गेला, रात्रहि गेली. दुसऱ्या दिवशीं अमरावतीस नेलें, तेथून नागपुरास. चौथ्या दिवशीं सारें संपलें. डॉक्टरांनीं आम्हांला समजावून सांगितलें कीं, लहान मेंदूला रक्त नेणारी एक धमनी बंद पडली; मेलेला भाग सुजला; आणि त्या सुजेनें शेजारचा मेंदूचा देंठ दाबला गेला, जेथून श्वास चालतो व शुद्ध राखली जाते. त्या धमनीचें नांव आम्हीं तेव्हां ऐकलें तें कायमचें. उजवी, मागची, खालची.

जी बंद पडल्यामुळें दादा गेले, ती धमनी आम्हांला मुळांतच नाहीं, असें तो कागद सांगत होता. बंद पडल्यावर चार दिवस मिळाले. मग नसल्यावर किती? आठ दिवस आम्हीं घरांत हें कोणाला सांगितलें नाहीं. नेहमींप्रमाणें तास घेतले, पण फळ्याकडे वळतांना टेबलाची कड धरून वळलों. नवव्या दिवशीं रात्रीं माळ्यावरची ट्रंक उघडली. तींत शेताच्या सातबाऱ्यांखालीं दादांच्या मेंदूचीं चित्रें आम्हीं ठेवलीं होतीं. ठेवलीं म्हणण्यापेक्षां लपविलीं होतीं म्हणणें खरें. दादांचा मुलगा तेव्हां बारावींत होता. बापाच्या मरणाचें चित्र पोराच्या दृष्टीस पडूं नये, असें आम्ही स्वतःला सांगत आलों होतों.

दोन्ही अहवाल दिव्याखालीं शेजारीं शेजारीं ठेवले. दादांच्या अहवालांत लिहिलें होतें: सर्व धमन्यांचा उगम नेहमींप्रमाणें, उजवी मागची-खालची धमनी बंद. म्हणजे दादांचा नकाशा पुस्तकांतल्यासारखा बिनचूक होता, आणि चुकलेला होता तो आमचा. बिनचूक नकाशाचा मनुष्य पंधरा वर्षांपेक्षां अधिक काळ झाला, जाऊन राहिला होता. आणि चुकलेल्या नकाशाचा हा मनुष्य चष्मा पुसून दोन्ही कागद वाचीत बसला होता. ही संगति कशी लावावी तें आम्हांला उमजेना.

ती लावून दिली दादांच्याच मुलानें. तो आतां एका वैद्यकीय महाविद्यालयांत शरीररचनाशास्त्र शिकवितो. दिवाळींत तो आला, तेव्हां आम्हीं आपला अहवाल त्याच्यापुढें ठेवला. त्यानें वाचला आणि हंसला. "काका, हें सामान्य आहे."

"नसणें हें सामान्य?"

"चक्कर आधीं पाहूं," तो म्हणाला. त्यानें आम्हांला खाटेवर बसवून डोकें उजवीकडे वळविलें आणि एकदम आडवें केलें. खोली फिरली, थांबली. मग थोडथोड्या वेळानें डोकें डावीकडे, मग सारें अंगच डाव्या कुशीवर वळवून शेवटीं उठवून बसविलें. कानाच्या आंत चुन्याचे अगदीं बारीक कण असतात. ते आपली जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या वांकड्या नळींत शिरले कीं डोकें हलतांच जग फिरूं लागतें. त्या कणांना फिरवून फिरवून पुन्हां जागेवर नेण्याची ही रीत. चक्कर गेली ती पुन्हां आली नाहीं. आठ दिवस बाळगलेल्या भीतीचें मोल इतकें थोडें होतें, याचा आम्हांला थोडा रागहि आला.

धमनीचें प्रकरण मात्र इतक्यानें मिटण्यासारखें नव्हतें. सायंकाळीं ओट्यावर पणत्या लागल्या होत्या. पुतण्यानें रांगोळीची चिमूट घेऊन फरशीवर नकाशा काढला. मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून दोन धमन्या वर चढतात, आणि कवटींत शिरल्यावर दोहोंची मिळून एकच होते. शरीरांत सर्वत्र एकीच्या दोन होत जातात. दोहोंची एक होणें हा प्रकार फार विरळा. या मार्गावरून लहान मेंदूकडे प्रत्येक बाजूस तीन फांटे जातात. दोहोंचा संगम होण्यापूर्वीं निघते ती मागची-खालची. संगमानंतर लवकरच निघते ती पुढची-खालची. आणि मार्गाच्या वरच्या टोकाजवळ निघते ती वरची.

"हें झालें पुस्तकांतलें," तो म्हणाला. "टेबलावर मेंदू घेऊन बसलें म्हणजे निराळेंच दिसतें. वरची त्यांतल्या त्यांत भरंवशाची. पण तीहि कधीं एकीऐवजीं दोन होऊन निघते. सर्वांत लहरी ही मागची-खालची. कोणाची कवटीच्या आंत निघते, कोणाची कवटीबाहेर मानेंतच. कोणाची केसासारखी बारीक, तर कोणाची वळण घेत घेत थेट कवटीच्या तळाच्या भोंकाखालीं उतरून पुन्हां वर येते. आणि कित्येकांना ती एका बाजूला नसतेच; तेव्हां तिचा प्रदेश बहुधा त्याच बाजूची पुढची-खालची सांभाळते. तुमच्या अहवालांत पुढच्या ओळींत तेंच लिहिलें आहे. तुम्हीं पुढची ओळ वाचली नाहीं."

खरोखरच आम्हीं ती वाचली नव्हती. विद्यार्थ्यांनीं प्रश्न अर्धा वाचून उत्तर लिहिलें म्हणजे आम्ही लाल शाईनें काय लिहितों, तें त्या वेळीं आठवलें.

आम्ही पडलों रेल्वेच्या गांवचे. आम्हांला ही गोष्ट रुळांच्या भाषेंत सुचली. आमच्या मुख्य मार्गावरहि असेच फांटे. मूर्तिजापुराहून एक उत्तरेस अचलपुराकडे व दुसरा दक्षिणेस यवतमाळाकडे, बडनेऱ्याहून अमरावतीचा, पुलगांवाहून आर्वीचा. त्यांतली आर्वीची अरुंद रुळांची गाडी बंद पडली, म्हणून आर्वीकर कांहीं उपाशी राहिले नाहींत. माल मोटारींनीं जाऊं लागला. तसेंच हें, असें आम्हीं म्हटलें.

"उपमा बरी आहे, काका, पण तींत एक चूक आहे," तो म्हणाला. "आर्वीची गाडी होती, ती बंद पडली. मालाची दुसरी सोय व्हायला तेथें दिवस मिळाले; मेंदूला तितके मिळत नाहींत. चालती गाडी क्षणांत बंद व्हावी आणि दुसरा रस्ता नसावा, तें बाबांचें झालें. तुमच्याकडे रूळ कधीं टाकलेच नव्हते. जन्मापूर्वींपासून तुमचा माल दुसऱ्या रस्त्यानें येतो आहे."

गेलेलें आणि नसलेलें यांत केवढें अंतर आहे, हें आम्हीं वाङ्मयांत पुष्कळदां शिकविलें होतें. समजलें तें त्या ओट्यावर.

असे भेद पडतात तरी कां? गर्भांत प्रथम या भागाभोंवतीं बारीक वाहिन्यांचें जाळें असतें. ज्यांतून रक्त अधिक वाहतें त्या टिकून मोठ्या होतात. बाकीच्या वाळून जातात. रानांतून लोक ज्या बाजूनें जातात तेथें पायवाट पडते, तसें तें आहे. गर्भांतील या वाटांचा सविस्तर क्रम १९४८ सालीं डोर्कस पॅजेट या अमेरिकन बाईंनीं प्रसिद्ध केला. नवलाची गोष्ट अशी कीं, त्यांनीं कामास आरंभ केला तो वैद्य म्हणून नव्हे, तर एका शस्त्रवैद्याच्या पुस्तकांसाठीं चित्रें काढणाऱ्या चित्रकार म्हणून. त्याहि पूर्वीं, १६६४ सालीं, लंडनांत टॉमस विलिस यांचा मेंदूवरचा ग्रंथ निघाला, त्यांतील चित्रें काढण्यांत क्रिस्टोफर रेन या प्रख्यात शिल्पज्ञाचा हात होता. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मँचेस्टरच्या जॉन स्टॉपफर्ड यांनीं अनेक मेंदू तपासून या धमन्यांचे भेद नोंदले. आणि आमच्या काळांत फ्लॉरिडांतील आल्बर्ट ऱ्होटन यांनीं मृतांच्या धमन्यांत रंगीत द्रव्य भरून, सूक्ष्मदर्शकाखालीं त्यांचा उगम, वळण व जाडी मोजण्यांत आयुष्य घालविलें. ते २०१६ सालीं वारले. या सर्वांनीं निरनिराळे मेंदू पाहिले. आणि प्रत्येक मेंदूबरोबर पुस्तकांतला तो एकच एक माणूस थोडा थोडा पुसट होत गेला. तो सांपडतो, पण वाटतो तितका वारंवार सांपडत नाहीं. मानेंतून चढणाऱ्या त्या दोन धमन्या पुस्तकांत जुळ्या बहिणींसारख्या काढतात. प्रत्यक्षांत जवळजवळ अर्ध्या माणसांत डावी मोठी असते.

भाषेच्या शिक्षकाला याचें इतकें नवल वाटावयास नको होतें. व्याकरणांत आम्ही नियम शिकवितों, मग अपवाद सांगतों. पण "करणें" याचें "केलें" होतें, "जाणें" याचें "गेला" होतें, "येणें" याचें "आला" होतें. इंग्रजींतहि तोच प्रकार. जीं क्रियापदें दिवसांतून शंभरदां तोंडीं येतात तींच नियम मोडतात, आणि म्हणून कोणाचें बोलणें अडत नाहीं.

"मग हा कागद फाडून टाकूं?" आम्हीं विचारलें.

"मुळींच नाहीं," तो म्हणाला, आणि येथें त्याचा स्वर बदलला. "भेद हा रोग नव्हे, पण तो ठाऊक नसणें हा धोका आहे. उद्यां कांहीं कारणानें तुमच्या मानेवर किंवा डोक्याच्या मागच्या बाजूस शस्त्रक्रिया करावी लागली, तर शस्त्रवैद्याला हें आधीं कळलें पाहिजे. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरांनीं पुढें चित्र काढलें, तर धमनी आतांच बंद पडली असें त्यांना वाटूं नये. शिवाय तुमची एक धमनी दोघींचें काम करते. ती गेली तर दोघींचें नुकसान. तेव्हां रक्तदाब पहा, साखर पहा, आणि ती तंबाखू सोडा." सौभाग्यवती दारांत उभ्या होत्या. आठ दिवसांचें आमचें गुपित त्यांना तेथेंच कळलें, आणि तंबाखूची डबी त्याच रात्रीं नाहींशी झाली.

मग त्यानें जें सांगितलें, तें वाचकांच्या घरींहि उपयोगी पडेल म्हणून येथें देतों. १८९५ सालीं डान्झिगच्या आडोल्फ वालेनबेर्ग या वैद्यांनीं अशा एका रोग्याचें वर्णन लिहून ठेवलें: भोंवळ, गिळतां न येणें, घोगरा आवाज, चेहऱ्याची एक बाजू व अंगाची उलट बाजू बधिर. धमनी कोणती बंद पडली असावी याचा त्यांनीं जो तर्क केला, तो १९०१ सालीं त्या रोग्याच्या शवविच्छेदनानें खरा ठरला. कानांतल्या कणांची चक्कर बहुधा डोकें हलविल्यावर येते आणि मिनिटाच्या आंत ओसरते. पण चक्कर एकाएकीं येऊन टिकून राहिली. तिच्याबरोबर एकाचे दोन दिसूं लागले, बोलणें अडखळलें, आवाज बसला, ठसका लागला, उचकी थांबेना, किंवा आधाराशिवाय उभें राहवेना, तर पित्ताचें नांव काढूं नये. तोंडांत पाणीहि घालूं नये. गिळण्याची शक्ति गेली असल्यास तें श्वासनळींत उतरतें. घड्याळ पहावें, आणि मोठें रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविणारें औषध योग्य रोग्याला बहुधा पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें. निदान घरच्या शहाण्यानें करूं नये. तें डॉक्टरांवर सोडावें.

"तोंडांत पाणीहि घालूं नये" हें वाक्य तो सहज बोलून गेला. वर्गांत दरसाल म्हणत असेल तसें. आम्ही उठून ट्रंकेंतलीं चित्रें घेऊन आलों व त्याच्यापुढें ठेवलीं.

"हीं तुझ्यापासून लपवून ठेवलीं होतीं."

त्यानें एक चित्र दिव्याकडे धरलें, पण फार वेळ पाहिलें नाहीं. "काका, हीं मीं पहिल्या वर्षाच्या सुट्टींतच पाहिलीं आहेत. ट्रंकेची किल्ली कोठें असते तें घरांत सर्वांना ठाऊक आहे."

आम्हांला वाटत होतें कीं आम्हीं त्याच्यापासून त्याच्या बापाचें मरण लपविलें आहे. खरें पाहतां लपविली होती ती आमची चूक. अखेर तेंहि तोंडांतून बाहेर पडलें. "बाळ, त्या दिवशीं सरबत आम्हीं पाजलें होतें."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "पेला मीं धरला होता."

इतकीं वर्षें तो पेला आम्ही एकटेच धरून बसलों आहों, असें आम्ही समजत होतों. स्टेशनाकडून मालगाडी जात होती. तिचे डबे संपेपर्यंत कोणी कांहीं बोललें नाहीं. मग त्यानें विचारलें, "बाबांचीं हीं चित्रें मीं नेऊं का? नांव झांकून मुलांना दाखवीन. आणि तुमचीं शेजारीं लावीन." आम्हीं दोन्ही दिलीं.

आमच्या अहवालांतल्या त्या दोन ओळी एका जाड कागदावर लिहून घेऊन आतां आम्ही खिशांतल्या पाकिटांत ठेवतों. त्याखालीं पत्ताहि दिला आहे. "बाजार" खोडून "रेल्वे" केलें आहे. गाडींत एखादा सहप्रवासी आमच्या गांवाचें नांव ऐकून अजूनहि विचारतो, "कोणतें चांदूर?" पूर्वीं आम्हांला त्या प्रश्नाचा कंटाळा येत असे. आतां येत नाहीं. विचारणाराला निदान इतकें तरी ठाऊक आहे कीं, चांदूर एकच नाहीं.